फोटोतून कापलेला उस्ताद

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यात हातगाड्यांवर रसपुरी आंबे दिसू लागले, की आमच्या दुकानाचा वास बदलतो. एरवी तिथं फ्लेक्सच्या शाईचा वास असतो. नाकात चिकटून बसणारा, अंघोळ केली तरी न जाणारा. मे महिन्यात त्यावर आंबा चढतो. बाबा एक टोपली आणतात, मशीनच्या मागं वर्तमानपत्रावर आंबे मांडतात आणि येता-जाता एकेक दाबून बघतात. “आज नको, उद्या,” असं ते आंब्याला सांगतात की मला, ते कळत नाही. हा वास लोकांना सुट्टीचा वाटत असेल. मला त्यासोबत टीव्ही ऐकू येतो. टीव्ही बंद असला तरी.

गेल्या वर्षीच्या मे महिन्यात सीमेवर लढाई पेटली होती. ती थोडेच दिवस चालली. आमच्या दुकानात मात्र ती आंबे संपले तरी संपली नव्हती.

आम्ही मूळचे रंगारी. पणजोबांच्याही आधीपासून म्हैसूरचे. लुगडी रंगवायची, कापडावर ठसे मारायचे, हा धंदा. आता भाऊबंदांत कुणी शिंपी आहे, कुणी बँकेत, कुणी सॉफ्टवेअरमध्ये. बाबांनी तेवढं छापणं सोडलं नाही. कापड गेलं, फ्लेक्स आला. लग्न, वाढदिवस, श्रद्धांजली, पुढाऱ्याचं आगमन, सगळं आमच्या मशीनमधून निघतं. बी.ए. झाल्यावर मी दुकानात डिझाइनला बसले. मला ते काम आवडलं, कारण त्यात बोलावं लागत नाही. माझी शाळा इंग्रजी, रस्ता कन्नड आणि मराठी फक्त घरातली, आत्याच्या तोंडून ऐकलेली. तिन्ही भाषांत मला गप्प बसता येतं. गिऱ्हाईक समोर बसून सांगत राहतं, मी स्क्रीनकडं बघून मान हलवते.

आजोबा सांगायचे, कापडावर आधी रेघेचा ठसा मारायचा. फूल कुठं, पान कुठं, हे काळी रेघ ठरवते. रंग नंतर. एकदा रेघ बसली की आत लाल भरा नाहीतर पिवळा, बघणाऱ्याला फूलच दिसणार.

त्या मे महिन्यात पहिल्याच संध्याकाळी टीव्हीवर रेघ मारून झाली होती. काय घडलं हे अजून कुणालाच नीट ठाऊक नव्हतं, पण त्याला नाव मिळालं होतं, संगीत मिळालं होतं, कोपऱ्यात फिरणारं चिन्ह मिळालं होतं. अँकरनं खिशा-खिशांचं जॅकेट घातलं होतं. स्टुडिओत वाळूचा डोंगर केला होता आणि एक निवृत्त अधिकारी त्यावर छडी टेकवत होते. नकाशावर बाण पळत होते. माणूस कुठंच नव्हता. खाली लाल पट्टी धावायची आणि तिच्यात प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह असायचं. बाबा ते बघून म्हणायचे, “आपल्याकडं एवढी उद्गारचिन्हं वाढदिवसाच्या बॅनरवर पण घालत नाहीत.”

एकदा जळणाऱ्या इमारतींचं दृश्य दाखवलं. मी दिवसभर फोटोशॉपमध्ये असते. धुराचा एकच गोळा उचलून चार ठिकाणी चिकटवला, तर तो मला ओळखू येतो. आपल्याच ओळीत दोनदा उभं राहिलेलं माणूस ओळखू यावं तसा. मी बाबांना बोट दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला.

“काम चांगलं नाही केलंय,” एवढंच ते म्हणाले.

मलाही तेव्हा तेवढंच वाटलं होतं. काम चांगलं नाही. याची आता लाज वाटते.

आत्या रोज दुपारी दुकानात येऊन बसायची. बाबांची ही थोरली बहीण शेजारच्या गल्लीतच राहते. घरी टीव्ही असूनही ती इथं यायची, कारण तिचा मुलगा राघूदादा तिकडं होता आणि तिला एकटीनं टीव्ही बघायची भीती वाटायची. राघूदादा सैन्यात आहे. आमच्या समाजात लोक एवढंच सांगतात आणि थांबतात. तो तिथं स्वयंपाकी आहे, हे कुणी पुढं सांगत नाही.

“ए, न्यूट्रलाइझ केलं म्हणतात, ते काय ग?” आत्यानं एकदा विचारलं.

“मारलं,” मी म्हणाले.

“अय्यो. मग मारलं म्हणायला काय झालं यांना?”

मी मान हलवली. माझ्या शाळेत असे शब्द फार चांगले शिकवले होते. ते ऐकताना अंगावर काही येत नाही, म्हणूनच ते चांगले. ‘मारलं’ म्हटलं की कुणी, कुणाला, कुठं लागलं, आई आहे का त्याला, असे प्रश्न आत्याच्या तोंडून लगेच यायचे. न्यूट्रलाइझ झालेल्याला आई नसते.

लढाई सुरू होण्याच्या आदल्या दिवशी राघूदादानं घरच्या ग्रुपवर एक फोटो पाठवला होता. तंबूतलं स्वयंपाकघर. मोठ्या चुली, मोठी पातेली. मध्ये राघूदादा, कमरेला फडकं गुंडाळलेला, दोन्ही हातांत छातीवर आडवा धरलेला लांब लोखंडी कालथा, लग्नाच्या पंगतीत आचारी वापरतात तसला. त्याच्या शेजारी एक वयस्कर, बुटका माणूस, हातात बादलीएवढी किटली, तिच्या तोंडातून वाफ, आणि तो कशावर तरी खदखदून हसतोय. खाली लिहिलं होतं, ‘मी आणि आमचे बेहेरा उस्ताद’. आत्यानं त्यावर आठ हात जोडले होते.

मग फोन बंद. आत्या टी. नरसीपूरला संगमावर जाऊन ओटी भरून आली. चौथ्या दिवशी इस्पितळातून त्याचा फोन आला. पाय भाजलाय, बाकी ठीक आहे, सुट्टी मिळेल. आत्या रडली, हसली, आणि तो फोटो तिनं आपल्या स्टेटसला लावला.

तो फोटो गिरीशनं बघितला.

गिरीश आमच्या भागातल्या एका पुढाऱ्याची प्रसिद्धी बघतो. जयलक्ष्मीपुरमला त्यांचं ऑफिस आहे, काचेचं, थंडगार. त्याच्याकडं दोन फोन असतात आणि तो सगळ्या मुलींना सिस्टर म्हणतो. वाईट माणूस नाही. आत्याच्या पाया पडतो, बाबांना आधी बसायला सांगून मग बसतो. आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली, ती ही की त्याचं कुठलंच वाक्य खोटं नसतं.

“कुक असं लिहू नको, सिस्टर. सोल्जर लिही. कुक पण सोल्जरच, अल्वा? नाही का?”

खरंच होतं ते.

“शत्रू तिकडं होता, हा पण तिकडंच होता, अल्वा? मग ‘शत्रूसमोर उभा राहिलेला’ लिहायला काय हरकत?”

तेही खरं होतं.

“आणि हातातलं हे काय? जेवणाचं? छे छे. बघून फील आला पाहिजे. एक रायफल बसव. स्वल्प काम आहे तुला.”

मी बाबांकडं बघितलं. बाबांचे डोळे चमकत होते. भाच्याचं मोठं चित्र चौकातल्या सर्कलवर लागणार होतं, त्यांच्याच मशीनवर छापलेलं. “बसव की ग,” ते म्हणाले. “सगळे करतात.”

मी बसवली. हे मला कुणी जबरदस्तीनं करायला लावलं नाही, म्हणून स्पष्ट लिहिते: मी बसवली. इंटरनेटवरून एक रायफल उचलली, कालथ्याच्या जागी तिरकी ठेवली. बोटांची पकड मला बदलावीच लागली नाही. दोन हातांनी तीनशे माणसांची डाळ ढवळणारा माणूस आणि बंदूक धरणारा माणूस, दोघांचे हात सारखेच दिसतात. कमरेचं फडकं काढलं. मागची चूल काढून तिथं डोंगर घातला. आणि शेजारचा बुटका म्हातारा चौकटीत मावत नव्हता, पुढाऱ्याचं तोंड तिथं यायचं होतं, म्हणून त्याला कापला. त्याच्या किटलीची वाफ राघूदादाच्या खांद्यावर आली होती. ती पुसायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

‘म्हैसूरचा वाघ परत आला’, असं वर मोठ्या कन्नड अक्षरांत. वाघापेक्षा पुढारी दीडपट मोठा. अकरा नग छापले.

त्याच आठवड्यात शेजारच्या हार्डवेअरच्या दुकानातले सलीमचाचा आले. मला लहानपणी त्यांनी सायकलला घंटी लावून दिली होती. ते काउंटरच्या पलीकडंच उभे राहिले.

“बेटा, एक झेंड्याचा बॅनर काढून दे. दुकानावर लावतो.”

“केवढा?” मी विचारलं.

त्यांनी रस्त्याकडं बघितलं. समोरच्या रांगेत आमचेच तीन बॅनर दिसत होते. “बाकीच्यांपेक्षा जरा मोठा,” ते म्हणाले.

त्यांना तसं करायला कुणी सांगितलं नव्हतं. तसं सांगावं लागत नाही. टीव्हीवर रेघ अशी मारली होती की ती आमच्या गल्लीतूनही गेली होती, आणि आपण तिच्या कुठल्या बाजूला दिसतो, हे प्रत्येकानं आपापल्या दारात उभं राहून बघून घेतलं होतं. मी त्यांचा बॅनर छापला. दोरी ओवायला कडेनं रिंगा मारून, गुंडाळून दिला. “छान दिसेल,” असं काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणाले नाही.

राघूदादा आला त्या दिवशी सर्कलवर ढोल होते. उघड्या जीपमध्ये त्याला उभा केला, पायाला पट्टी, बगलेत काठी. आत्या जीपच्या मागं चालत होती, “अरे बसू द्या की रे त्याला,” म्हणत, पण ढोलांत तिचं कुणी ऐकलं नाही. मी फुटपाथवर होते. राघूदादानं मान वर करून बॅनर बघितला. पहिल्यांदा तो हसला, आपलं चित्र बघून कुणीही हसतं तसा. मग त्याचं हसू थांबलं. त्याची नजर चित्राच्या डाव्या कडेला गेली आणि तिथंच राहिली. तो काय शोधतोय, हे मला माहीत होतं. त्या गर्दीत ते फक्त मलाच माहीत होतं.

एका चॅनलच्या बाईनं माइक पुढं केला. “शत्रू समोर दिसला तेव्हा मनात काय आलं?”

“मला शत्रू दिसला नाही,” राघूदादा म्हणाला. “मी स्वयंपाकी आहे, मॅडम. त्या उंचीवर भात लवकर शिजत नाही. वरच्या पोरांपर्यंत गरम जेवण जाईल की नाही, तेवढंच मनात होतं.”

“म्हणजे जिवाची पर्वा नव्हती!”

“होती की,” तो म्हणाला. “खूप होती.”

सात वाजता आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो. जीप आली, ढोल आले, पुढारी हार घालताना आला. माइकवर राघूदादाचे ओठ हलत होते, पण आवाज संगीताचा होता. खाली पट्टी: ‘जिवाची पर्वा नव्हती, म्हैसूरच्या वाघाची डरकाळी!’ तो पाच-सहा सेकंद दिसला. वाक्य पूर्ण व्हायच्या आत कापला. शेवटच्या क्षणी त्याचं तोंड उघडंच होतं.

आत्या म्हणाली, “छान दिसलास रे.” मग थोड्या वेळानं, “पण काय बोललास ते ऐकूच नाही आलं.”

दुसऱ्या दिवशी तो दुकानात आला. बाबा बँकेत गेले होते. काठी भिंतीला टेकवून तो माझ्या शेजारच्या स्टुलावर बसला. मी स्क्रीनकडं बघत राहिले.

“ही बंदूक आपल्याकडची नाहीच,” तो म्हणाला. “कुठल्या पिक्चरमधून आणलीस?”

मला हसू आलं, आणि त्याच वेळी कानशिलं तापली.

“आणि उस्ताद कुठं गेला?”

“बसत नव्हता,” मी म्हणाले. “फ्रेममध्ये.”

मशीन चालू होतं, कुणाच्या तरी गृहप्रवेशाचा बॅनर सरकत सरकत बाहेर येत होता. मग त्यानं सांगितलं. फार हळू, जिन्नस सांगावेत तसं. वरच्या चौकीत दोन दिवस कुणी गरम काही प्यायलं नव्हतं. उस्ताद म्हणाला, चहा मीच नेतो, तू डाळ घेऊन मागं ये. पाच-सहा पावलांचं अंतर होतं. तोफगोळा पडला. राघूदादानं अंग जमिनीवर टाकलं, डाळीचा डबा त्याच्या पायावर उलटला. उस्ताद उठला नाही. किटली उतारावरून खाली घरंगळत गेली, तिचा आवाज बराच वेळ येत होता.

“मी वाघ झालो, तर तो कोण होता?” राघूदादा म्हणाला. “सांग ना. तू शिकलेली आहेस. मला वाघ करायचं तर त्याची किटली लपवायला लागते. चहा नेताना मेलेल्या माणसाला तुमच्या त्या बॅनरवर जागाच नाही.”

“सॉरी,” मी म्हणाले. इंग्रजीत. मला लाज वाटली की मी इंग्रजीत शिरते. तिथं कुणी माझ्या मागं येत नाही.

“सॉरी बेडा, सॉरी नको मला. त्याला परत घाल.”

मी मान हलवली. आणि घातला नाही. अकरा बॅनर लागलेले होते, गिरीशच्या पुढच्या ऑर्डरी आल्या होत्या, बाबा खुश होते, आत्याला बाजारात लोक थांबवून नमस्कार करत होते. कारणं सगळी खरी होती. गिरीशच्या वाक्यांसारखीच खरी. पाय बरा झाल्यावर राघूदादा पुन्हा ड्यूटीवर गेला. जाताना त्यानं मला काही विचारलं नाही.

या वर्षभरात मी बातम्या जास्त बघितल्या. इथली लढाई, दूरची लढाई. कुठंही गेलं तरी मला कडा दिसतात. फोटो कुठं कापलाय, कॅमेरा कुठं वळला नाही, वाक्य कुठं थांबवलं. लोक म्हणतात, मीडिया खोटं बोलतो. मला तो आरोप अपुरा वाटतो. आमच्या दुकानात खोटं फार कमी छापलं जातं. आम्ही फक्त कड ठरवतो. पडलेल्या घराचा फोटो आतल्या अंथरुणासकट घेतला तर एक बातमी होते, अंथरूण कापलं तर दुसरी. एकीत कुणीतरी झोपलेलं असतं. दुसरीत फक्त लक्ष्य असतं. आणि कापणारा हात कुणा मोठ्या माणसाचा नसतो. तो माझ्यासारख्या कुणाचा तरी असतो. कमी बोलणाऱ्या, कामात चोख, संध्याकाळी घरी जाऊन आंबा खाणाऱ्या कुणाचा. वर बसलेल्यांना आमच्या गप्प बसण्याची गरज असते. ते आम्ही विनासायास पुरवतो. माझ्या लाजाळूपणाला मी आतापर्यंत स्वभाव म्हणत आले. तो एवढ्या लोकांच्या उपयोगी पडत होता, हे मला माहीत नव्हतं.

या वर्षी रसपुरी आले, त्याच आठवड्यात गिरीश आला. विजयाला वर्ष झालं म्हणून ते साजरं करायचं होतं.

“फाइल आहेच तुझ्याकडं, सिस्टर. सुम्ने, नुसतं वर्ष बदल. आणि वाघाचं तोंड जरा उजळ कर.”

“नाही,” मी म्हणाले.

त्याला वाटलं फाइल नाही. “अय्यो, डिलीट झाली?”

बाबा मशीनपासून पुढं आले. त्यांना माझं तोंड वाचता येतं. घाईघाईनं कन्नडमध्ये म्हणाले, “हो हो, कॉम्प्युटर बिघडला होता ना, सगळं गेलं. दुसरं काही करून देऊ, गिरीश.” ते मला वाचवत होते. असं वाचवून घेण्यात माझी सगळी वर्षं गेली आहेत.

“फाइल चांगली आहे,” मी कन्नडमध्येच म्हणाले. आवाज घोगरा आला. “मी देणार नाही. तो स्वयंपाकी आहे. त्याच्या हातात कालथा होता. तो मी काढला. त्याच्या शेजारी एक माणूस होता, तोही मी काढला. तो माणूस मेला.”

गिरीशनं दोन्ही फोन काउंटरवर ठेवले. “सिस्टर, तू देशाच्या विरुद्ध बोलतेस असं कुणी म्हणेल. मी नाही म्हणत. पण लोक.”

“लोकांना माझ्याकडं पाठवा.”

“तुझ्या बाबांचं दुकान आहे हे.”

“मग त्यांना विचारा.”

आम्ही दोघंही बाबांकडं वळलो. बाबांनी एक आंबा उचलला, दाबला, खाली ठेवला. आयुष्यभर गिऱ्हाइकाला ‘आयतु’, ‘झालं समजा’ म्हणालेला माणूस. “तिचं डिझाइन आहे,” ते म्हणाले. “तिनं नाही म्हटलं तर मी काय छापू?”

गिरीश गेला. जाताना नेहमीसारखा नमस्कार करून गेला. दोन दिवसांत सर्कलवर बॅनर लागला, दुसऱ्या कुणाकडून छापलेला. माझ्याच जुन्या बॅनरचा फोटो, कुणाच्या तरी मोबाइलवरून उचललेला, मोठा करताना फाटलेला. त्याच पिक्चरमधल्या बंदुकीसह. माझ्या नाही म्हणण्यानं काहीच अडलं नव्हतं. त्या दिवशी घरी मला जेवण गेलं नाही. आत्या म्हणाली, “तू नाही केलंस ना? मग झालं की.” पण झालं नव्हतं. फक्त हात काढून घेणं मला आता पुरत नव्हतं.

मी राघूदादाला फोन केला. मूळ फोटो छापून आपल्या दुकानावर लावू का, विचारलं.

“मला काय विचारतेस,” तो म्हणाला. “उस्तादच्या घरी विचार. मुलीचा नंबर देतो.”

अनोळखी माणसाला फोन करायचा म्हटलं की मला आधी वहीत वाक्यं लिहून काढावी लागतात. मी हिंदीत सहा ओळी लिहिल्या. तिसऱ्याच ओळीला त्या मुलीनं मला थांबवलं.

“किटली दिसते का फोटोत?” तिनं विचारलं.

“दिसते. वाफ पण दिसते.”

ती म्हणाली, “आमच्याकडं बाबांचा फक्त ओळखपत्रावरचा फोटो आहे. त्यात ते कुणी दुसरेच वाटतात. हसतायत का ह्यात?”

“खूप.”

“मग लावा. आणि मला पण पाठवा. कापू नका.”

मी वही मिटली. उरलेल्या तीन ओळींची गरज पडली नाही.

बाबांनी स्वतः रोल चढवला. पहिला फूटभर फ्लेक्स बाहेर आला तसं त्यांनी मशीन थांबवलं, चष्मा वर करून बघितलं आणि म्हणाले, “वाफ राखाडी येतेय. पांढरी हवी. परत काढू.” आम्ही परत काढला. तंबू, चुली, पातेली, फडकं, कालथा, आणि उस्ताद पूर्ण, पायातल्या स्लीपरांसकट. पुढारी नाही. वाघ नाही. खाली दोन्ही भाषांत, कन्नड आणि मराठी, साधी अक्षरं: ‘राघू, स्वयंपाकी. बेहेरा उस्ताद, स्वयंपाकी. वरच्या चौकीसाठी चहा नेताना उस्ताद गेले.’ एकही उद्गारचिन्ह नाही. आमच्या शटरच्या वरच्या भिंतीवर लावायला सलीमचाचांनी शिडी आणली आणि न विचारता स्वतःच वर चढले. “डावी बाजू वर घे,” ते खाली मला सांगत होते, जणू शिडीवर मीच होते.

गिरीश स्कूटरवरून आला. उतरला नाही. “काय मिळालं तुला, सिस्टर? सर्कलवरचा दहापट मोठा आहे. तोच बघणार लोक.”

“बघू देत. मग इथून जाताना हाही बघतील. आणि विचारतील, यातला खरा कुठला?”

“कोण सांगणार त्यांना?”

मी उत्तर दिलं नाही. त्याला ते नेहमीचं गप्प बसणं वाटलं असावं, कारण तो हसला आणि गेला.

पहिल्यांदा फुलवाली थांबली. डोक्यावर मल्लिगेच्या, मोगऱ्याच्या फुलांची टोपली, मान मागं टाकून तिनं वर बघितलं आणि दुकानात डोकं घालून विचारलं, “हा किटलीवाला यारू?” कोण हा? मी बाबांकडं बघितलं. ते मुद्दाम शाईच्या बाटल्या पुसायला लागले. मी उठून दारात गेले आणि सांगितलं. माझं कन्नड मध्येच अडखळलं, उंचीसाठी शब्द सापडेना, मी हात वर केला. तिला कळलं. तिनं टोपलीतून हातभर गजरा तोडला, मला म्हणाली, लाव त्याला. मग शाळेचे दोन मास्तर थांबले. मग एक रिक्षावाला, त्यानं आधी भांडण काढलं. तुम्ही सैन्याचा अपमान करता, म्हणाला. मी म्हटलं, हे सैन्यच आहे, तुम्ही वाचा. त्यानं वाचलं. परत वाचलं. कितीजणांचा स्वयंपाक करायचे, असं विचारून गेला. काहीजण फोटो काढून निघून गेले. एकानं खाली थुंकल्यासारखं केलं.

दुपारपर्यंत मी अकरा लोकांना सांगितलं होतं. माझा घसा बसला. एवढं मी शाळेत एका वर्षात बोलले नसेन. बाबांनी कापलेला आंबा बशीत पुढं ठेवला आणि म्हणाले, “आता बस जरा.”

मी बसले. पहिली फोड तोंडात घातली. बाहेर उन्हात एक म्हातारे गृहस्थ सायकल हातात धरून उभे होते, मान वर, ओठ हळूहळू हलत होते. अक्षर अक्षर लावून वाचत होते. त्यांनी वाचून संपवलं आणि दुकानाच्या दाराकडं बघितलं.

मी हात पुसले आणि उठले.